फक्त एकच रकाना निवडा

विभावरी टिपणीस सत्तावीस वर्षं दुबईत नोकरी करत होत्या आणि त्यातली एकोणीस वर्षं एकाच कंपनीत, एकाच कोपऱ्यात. ऑफिस देरा या दुबईच्या जुन्या भागात, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. खिडकीशी मान वाकडी करून उभं राहिलं की खाडीचा हातभर तुकडा दिसायचा, पण बाईंना मान वाकडी करायला डॉक्टरांनी बंदी केली होती. कंपनी हॉटेलांना माणसं पुरवायची. खोल्या आवरणारी, भांडी घासणारी, पाव भाजणारी आणि या सगळ्यांवर देखरेख करणारी मिळून चारशे बारा माणसं. त्यांचे पासपोर्ट, व्हिसाच्या तारखा, मेडिकल, रजा, सगळं विभावरीबाईंकडे. कुणाचा व्हिसा कधी संपतो हे त्या संगणक न उघडता सांगायच्या. स्वतःच्या नवऱ्याच्या वाढदिवसाची आठवण मात्र दरवर्षी मुलीला करून द्यावी लागायची.

रोज सकाळी साडेसहाला शारजातून निघायचं आणि संध्याकाळी त्याच रस्त्यावर, त्याच गाड्यांच्या रांगेत दीड तास बसून परत यायचं. नवरा उल्हास शारजाच्या औद्योगिक भागात एका कारखान्यात सुपरवायझर होता, तोही तितकाच पिचलेला. पंचावन्नाव्या वर्षी बाईंना कशाचाच राग यायचा नाही. राग यायला लागणारी शक्तीच उरली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी टेक्सासमधल्या एका कंपनीने त्यांची कंपनी विकत घेतली. फरक काही पडला नाही. भिंतीवरचं घड्याळ बदललं आणि चहाच्या मशीनशेजारी कॉफीचं मशीन आलं. मग एका जानेवारीत नवं सॉफ्टवेअर आलं. त्यात प्रत्येक माणसाच्या नावापुढे एक जादा रकाना होता, एथ्निसिटीचा, म्हणजे वंशाचा. तो दाबला की पाच पर्याय उघडायचे: एशियन, ब्लॅक, व्हाइट, हिस्पॅनिक किंवा लॅटिनो, आणि अमेरिकेचे मूळ रहिवासी. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, फक्त एकच रकाना निवडा, रिकामा सोडता येणार नाही.

इथे आजवर देश लिहिला की भागायचं. नेपाळचा माणूस नेपाळी, केनियाचा केनियन. बाकी आपापसात जो तो ज्याला त्याला हवं ते म्हणायचा. पेशावरच्या टॅक्सीवाल्याच्या लेखी विभावरीबाई मद्रासी होत्या, केरळच्या शेजारणीच्या लेखी उत्तर भारतीय आणि दुकानातल्या अरबाच्या लेखी नुसत्या हिंदी. त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नव्हतं. ठाणं कुठे आहे हे कुणाकुणाला सांगत बसायचं?

"सुजीत, हे काय नवीन?" त्यांनी मॅनेजरला विचारलं. सुजीत पुण्याचा, चौतिशीतला. चारचौघांत त्या त्याला सर म्हणायच्या, एरवी अरेतुरे. त्याचाच तसा हट्ट होता.

"विभाताई, हेड ऑफिसची रिक्वायरमेंट आहे. फार विचार नका करू. सॉफ्टवेअरच आडनावावरून सजेशन देतं. तुम्ही फक्त अप्रूव्ह करायचं. यल्ला, चला, आठवड्यात खलास करून टाका."

विभावरीबाईंनी चारशे बारा नावं चार दिवसांत उरकली. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येक नाव नीट पाहिलं. दुसऱ्या दिवशी डोळ्यांत पाणी यायला लागलं. तिसऱ्या दिवशी त्या नुसतं बटण दाबत गेल्या. सॉफ्टवेअरने सांतोस, रेयेस, बाउतिस्ता अशी आडनावं पाहून फिलिपिन्सच्या एकशे अडतीस माणसांना हिस्पॅनिक ठरवलं. बाईंना ते खटकलं नाही असं नव्हे. खटकलं, पण पाच वाजले होते आणि शारजाची व्हॅन सुटत होती.

त्या एकशे अडतीसांत लूर्देस विलानुएवा होती. ती अकरा वर्षं विभावरीबाईंच्या शेजारच्या टेबलावर बसत होती. ड्युट्या लावणं तिचं काम. चाळिशीची, बुटकी, हसरी. डबा दोघींचा एकत्र. बाईंची मुलगी अस्मी शाळेत तापाने फणफणली होती तेव्हा बाईंना रजा मिळेना म्हणून लूर्देसच टॅक्सी करून तिला घरी घेऊन गेली होती. स्वतःचं नाव पडद्यावर पाहून ती खो खो हसली.

"मॅडम, मी हिस्पॅनिक? मला स्पॅनिशमध्ये काटाचमच्याची नावं तेवढी येतात."

"मग आडनाव कसं गं स्पॅनिश?"

"आमच्यावर राज्य होतं ना त्यांचं, तीनशे वर्षं. एका गव्हर्नरला लोकांची नावं लिहून घेताना कटकट व्हायला लागली. त्याने आडनावांची एक जाडजूड वही छापून घेतली आणि गावोगाव पानं वाटली. आमच्या गावाला जे पान आलं त्यावरून माझ्या खापरपणजोबांनी एक उचललं. माझी आजी सांगायची."

"मग बदलू का?"

"राहू द्या हो. काय फरक पडतो?"

कुणाला फरक पडेल असं तेव्हा खरोखरच वाटत नव्हतं.

फक्त एका बाईने आपला रकाना स्वतः भरला. रेनाल्दा मामानी बोलिव्हियाची, मरीनाजवळच्या एका हॉटेलात सफाईची सुपरवायझर. तिच्या आडनावाचं सॉफ्टवेअरला काहीच सुचलं नाही म्हणून विभावरीबाईंनी तिला बोलावून घेतलं. ती पर्याय वाचत बराच वेळ उभी राहिली.

"सेन्योरा, मी आयमारा आहे, आमच्या डोंगरातल्या मूळ लोकांतली," ती म्हणाली. "स्पॅनिश मी शाळेत शिकले. घरी नाही." आणि तिने शेवटच्या पर्यायावर बोट ठेवलं, अमेरिकेचे मूळ रहिवासी. मग म्हणाली, "हे मी पहिल्यांदाच कुठल्या तरी कागदावर लिहितेय." विभावरीबाईंनी बटण दाबलं. त्या दिवशीचं तेवढं एकच नाव त्यांनी नीट लक्ष देऊन भरलं होतं.

एप्रिलमध्ये टेक्सासहून पत्र आलं. हिस्पॅनिक कर्मचारी वरच्या जागांवर कमी दिसतात, म्हणून कंपनी त्यांच्यासाठी वर्षभराचं ट्रेनिंग सुरू करत होती. हेड ऑफिसात राहायचं, शिकायचं आणि परत येऊन मॅनेजर व्हायचं. दुबई शाखेतून एक जण. पत्रात शाखेचं कौतुकही होतं, की इतके हिस्पॅनिक कर्मचारी दुसऱ्या कुठल्याच परदेशी शाखेत नाहीत.

सुजीत ते वाचून खूश झाला. ते हिस्पॅनिक कुठून आले हे विभावरीबाईंना माहीत होतं; त्यांनी पत्र फाइलला लावलं. अर्ज मागवले गेले, मुलाखती झाल्या आणि मे महिन्यात लूर्देसची निवड झाली. चुकीची निवड कुणीच म्हटली नसती. अकरा वर्षांत ड्युट्यांचा एक गोंधळ नाही. दुबईत आलेले चार मॅनेजर तिनेच शिकवून तयार केले आणि चौघेही तिच्या डोक्यावर बसले. बातमी कळली त्या दिवशी तिने ऑफिसात सगळ्यांना नारळाच्या दुधातला भात खाऊ घातला आणि विभावरीबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

त्याच आठवड्यात रेनाल्दा आली. ड्युटी संपवून, युनिफॉर्म तसाच.

"सेन्योरा, मागच्या महिन्यात मीसुद्धा अर्ज भरत होते. सिस्टीम म्हणाली तुम्ही पात्र नाही."

विभावरीबाईंनी पाहिलं. खरंच होतं. ट्रेनिंग हिस्पॅनिकांसाठी आणि रेनाल्दा त्या रकान्यात नव्हती. चारशे बारा माणसांत लहानपणापासून स्पॅनिशमध्ये शिकलेली पाचच माणसं होती. त्यांतल्या एकीला बाहेर ठेवून त्यांनी दारातून एकशे अडतीस फिलिपिनो आत सोडले होते.

"मी बदलते," त्या घाईने म्हणाल्या. "आत्ता हिस्पॅनिक करते. पुढच्या वर्षी तरी..."

"नको," रेनाल्दा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझ्या आजीला शाळेत आमची भाषा बोलली म्हणून गुडघ्यांवर उभं करायचे. आता मी कसं खोडू? दोन्ही लिहिता येत नाही का?"

"एकच निवडा म्हणतात."

"मग मी काय करू?"

विभावरीबाई पडद्यावरची लाल ओळ पुन्हा वाचू लागल्या. रेनाल्दा आभार मानून गेली. आभार कशाचे, ते बाईंना समजेना.

घरी जेवताना त्यांनी विषय काढला. अस्मी एकोणीस वर्षांची, शारजात जन्मलेली. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत.

"हिस्पॅनिक आणि लॅटिनो एकच का गं?"

"नो, आई. हिस्पॅनिक मीन्स स्पॅनिश लँग्वेज. लॅटिनो मीन्स लॅटिन अमेरिका. सो स्पेनचा माणूस हिस्पॅनिक, बट नॉट लॅटिनो. ब्राझीलचा लॅटिनो, बट नॉट हिस्पॅनिक, बिकॉज दे स्पीक पोर्तुगीज."

"आणि ज्या बाईची मूळ भाषा तिसरीच आहे ती?"

"डिपेंड्स. हू इज आस्किंग?"

उल्हास आमटी वाढून घेत म्हणाला, "एक ना धड, भाराभर चिंध्या. तू कशाला डोक्याला त्रास करून घेतेस? तू लिहून दिलंस, त्यांनी वाचलं. झालं."

"झालं कुठे? चूक माझी आहे."

"चूक कॉम्प्युटरची आहे."

"बटण मी दाबलं ना!"

उल्हासने आमटीची वाटी खाली ठेवली. बायको इतक्या जोरात बोलल्याला बरीच वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्या सुजीतकडे गेल्या. तो ऐकून घेऊन म्हणाला, "विभाताई, रिपोर्ट गेलाय. आता ओपन केलं तर लूर्देसचं काय होईल, विचार केलाय? ती लायक नाहीये का?"

"लायक आहे."

"मग?"

मग काय, ते त्यांनाही धड सांगता येत नव्हतं. लूर्देस लायक होती आणि रेनाल्दावर अन्याय झाला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि मन काही केल्या एकच निवडायला तयार नव्हतं. आठ-दहा दिवस त्यांनी तसेच काढले. शेजारी बसून लूर्देस थंडीचे कपडे कुठे स्वस्त मिळतात ते विचारत होती आणि बाई मान खाली घालून पासपोर्टच्या प्रतींना पंच मारत होत्या.

शेवटी त्यांनी पत्र लिहिलं. सत्तावीस वर्षांत वरिष्ठांना न विचारता वर लिहिलेलं पहिलं पत्र. त्यात कुणाचंही नाव घातलं नाही. एवढंच लिहिलं, की एका माणसाला दोन रकाने निवडता यावेत, आणि आडनावावरून ओळख ठरवू नये. बस्स. वाटलं, एवढ्याने काम होईल. मोठी कंपनी आहे, पुढच्या वर्षीपासून सुधारणा होईल, या वर्षीचं कुणी उकरणार नाही.

चार दिवसांनी त्यांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं. पलीकडे हेड ऑफिसातले त्रुहियो नावाचे अधिकारी होते, साठीच्या आसपासचे, डोळ्यांखाली काळं. टेक्सासमध्ये सकाळचे आठ वाजले होते आणि इथे संध्याकाळ झाली होती. दोघांनाही त्या वेळी तिथे बसायची हौस नव्हती.

"तुमचं पत्र मला पटलं," ते म्हणाले. "माझंच पाहा. आमचं घराणं न्यू मेक्सिकोच्या एकाच गावात चारशे वर्षं आहे. आम्ही कुठून आलो नाही, मेक्सिकोची सीमाच आमच्या अंगावरून सरकली. आजी स्वतःला स्पॅनिश म्हणवायची. वडील तरुणपणी चिकानो म्हणवायचे, म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन, आजी त्यांच्यावर चिडायची. सरकारने हिस्पॅनिक म्हटलं. माझी मुलगी ते चालवून घेत नाही, तिचा शब्द आणखी वेगळा, 'लॅटिनो'चं शेपूट दर दोन वर्षांनी बदलून केलेला. आणि मला स्पॅनिश येत नाही. मी नुसते फॉर्म भरतो."

विभावरीबाईंना हसू आलं. कितीतरी दिवसांनी त्यांना कुणी आपल्यासारखं थकलेलं माणूस भेटलं होतं.

मग त्रुहियोंनी चष्मा लावला. "तुमच्याकडे एकशे बेचाळीसचा आकडा आहे. आडनावावरून ठरवलेले किती?"

"एकशे अडतीस."

"कुठले?"

"फिलिपिन्सचे."

त्यांनी समोरचा कागद उलटला. "आणि निवड झालेल्या मिस विलानुएवा?"

मीटिंगच्या खोलीचं दार बंद होतं. दाराबाहेर लूर्देस कुणाला तरी फोनवर ड्युटी समजावून सांगत होती, तिचा आवाज आत येत होता. माहीत नाही म्हणता आलं असतं. नेटवर्क गेलं म्हणून कॉल बंद करता आला असता. त्या नंतर स्वतःला पुष्कळदा सांगायच्या, की खोटं बोलायचं धैर्य नव्हतं म्हणून आपण खरं बोललो, त्यात मोठेपणा काही नव्हता.

"त्याही," त्या म्हणाल्या.

जुलैत पत्र आलं. या वर्षीची निवड रद्द, प्रक्रियेचा फेरविचार चालू. कुणीच जाणार नव्हतं. लूर्देसही नाही, रेनाल्दाही नाही.

लूर्देसने पत्र वाचलं, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. विभावरीबाईंनी तिला सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं, एक शब्द न लपवता.

"मॅडम, जानेवारीत तुम्ही विचारलं होतं, बदलू का म्हणून. मी नको म्हटलं. तेव्हा का नाही बदललंत?"

"तू हसलीस म्हणून."

"हो. मी हसले," लूर्देस म्हणाली.

त्या दिवसापासून दोघींचे डबे वेगळे उघडायला लागले. बोलणं व्हायचं ते कामापुरतं. ऑगस्टमध्ये लूर्देसने अबू धाबीच्या शाखेत बदली मागून घेतली. शहराबाहेरच्या मुसफ्फात एका औद्योगिक किचनमध्ये जागा होती. कामही खालचं, गावही लांब, तरी गेली. तिच्या टेबलावर एक नवा मुलगा आला. तो दिवसभर कानात काहीतरी खुपसून बसायचा. विभावरीबाईंनी त्याच्याशी ओळख वाढवली नाही. आता नव्याने कुणाशी ओळख करायची म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायचं.

सुजीत रागावला नाही. त्याने त्यांना पुढच्या बढतीच्या यादीतून वगळलं, एवढंच. ते त्यांना ऑफिसबॉयकडून कळलं. वाईट वाटायला हवं होतं, पण त्या संध्याकाळी अस्मीच्या परीक्षेची फी भरायची शेवटची मुदत होती, आणि त्या धावपळीत ते राहूनच गेलं.

पुढच्या जानेवारीत फॉर्म बदलला. लाल ओळ गेली आणि तिच्या जागी आलं, लागू असतील तितके रकाने निवडा. आडनावावरून सुचवणंही बंद झालं. पुन्हा चारशेवर नावं. या वेळी विभावरीबाईंनी एकेका माणसाला फोन केला. तीन आठवडे लागले. रेनाल्दाने दोन रकाने निवडले आणि ट्रेनिंगचा अर्ज भरला. तिची निवड झाली.

जायच्या आधी ती भेटायला आली. सोबत लोकरीची एक टोपी होती, कानांवर झाकणं असलेली, आईने विणून पाठवलेली. दुबईच्या मे महिन्यात ती टोपी हातात घेऊन विभावरीबाई बसून राहिल्या.

महिन्याभराने तिचा व्हॉइस मेसेज आला. काम छान आहे, लोक चांगले आहेत, असं सांगून शेवटी ती म्हणाली, "इथे सगळे मला मेक्सिकन समजतात, सेन्योरा. रोज एकाला तरी नकाशा दाखवते." ती हसत होती, पण हसणं दमलेलं होतं. विभावरीबाईंनी तो मेसेज दोनदा ऐकला. उत्तरात त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी त्या घरातून एकट्याच निघाल्या. अबू धाबीची बस घेतली, तिथून मुसफ्फाची. लूर्देसला आदल्या दिवशी फोन केला होता. ती 'या' म्हणाली होती, एवढंच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेल्डिंगची दुकानं, लोखंडाचे ढीग आणि मजुरांच्या वसाहती. एका फिलिपिनो खानावळीच्या बाहेर ती उभी होती. केस कापले होते. थोडी बारीक झाली होती.

दोघी आत जाऊन बसल्या. लूर्देसने न विचारता विभावरीबाईंसाठी मांस नसलेलं काय काय मागवलं, भाज्या, भात, तळलेली केळी. विषय निघाले अस्मीचे, लूर्देसच्या भाच्यांचे, दुखणाऱ्या गुडघ्यांचे. बऱ्याच वेळाने विभावरीबाई म्हणाल्या, "रेनाल्दा गेली."

"कळलं मला. चांगलं झालं." लूर्देसने केळ्याचा तुकडा उचलला आणि पुन्हा ठेवला. "मॅडम, मी तुमच्यावर रागावले नव्हते. म्हणजे रागावले होते, पण तुमच्यावर नाही. मी त्यांना हवं ते म्हणून गेले असते हो. हिस्पॅनिक म्हणाले असते तर हिस्पॅनिक. चिनी म्हणाले असते तर चिनी. ज्यांना जायचं असतं त्यांना कोण म्हणून जायचं ते निवडायची चैन परवडत नाही."

"माहीत आहे मला."

"आणि रेनाल्दा नाही म्हणाली. तिला परवडत होतं असं नाही. तरी नाही म्हणाली." लूर्देस खिडकीबाहेर पाहत होती. "त्याचाच राग आला होता बहुतेक."

विभावरीबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. लूर्देसने तो काढून घेतला नाही. उलट हातही पकडला नाही. बाहेर बांग सुरू झाली, तसा खानावळीतल्या मुलाने टीव्हीचा आवाज कमी केला.

परतीची बस साडेचारला होती. लूर्देस स्टॉपपर्यंत आली. वाटेत तिने विचारलं, अजून किती वर्षं काढणार इथे? विभावरीबाई म्हणाल्या, अस्मीचं कॉलेज होईस्तोवर, दोनेक वर्षं, इन्शाल्ला. मग ठाणं. तिथे घर आहे, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

"गुडघ्यांचं काय?" लूर्देसने विचारलं.

"बघू," विभावरीबाई म्हणाल्या आणि दांडीला धरून बसमध्ये चढल्या.